गाडी परत घेताना

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी बहिणी बसल्या होत्या. कंपनीने लीजवर दिलेल्या गाड्यांचं काम धाकटी बघायची, असं बोलण्यावरून कळलं.

"ताई, कंपनीची फेररचना चाललीय ना, त्यात कामावरून काढलेल्यांना गाडी परत करायचा मेल आधी गेला. त्यांना नोकरी गेल्याचं सांगायचं राहूनच गेलं."

"अगं बाई. मग?"

"एक इंजिनिअर हसतच माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, मॅडम, जुनी परत घेताय, तर नवी गाडी कधी देताय?"

"काय सांगितलंस?"

"खरं तेच. दुसरं कोणी सांगायलाच नव्हतं."

"चिडला असेल."

"नाही गं. एवढंच म्हणाला, गाडी सोमवारपर्यंत राहू द्या, मुलीला एकदम कळायला नको."

"राहू दिलीस?"

"दिली, माझ्या जबाबदारीवर. सोमवारी धुऊनपुसून आणून दिली त्याने. मागच्या सीटवर मुलीचं स्वेटर तेवढं राहिलं."

"या पिशवीतलं तेच का?"

"हो. कुरिअरने पाठवणार होते, पण बरं वाटेना."

"पुढचाच स्टॉप ना त्यांचा?"

"हो. ताई, दार तू वाजव. मी मागे उभी राहते."