सलीमभाऊंचं बिनकुलपाचं कपाट

जमलेल्या भाऊ-बाईंनो, आणि समोर बसलेल्या जमीलाभाभी,

मला बोलायला उभं केलं खरं, पण सुरुवात कुठून करू ते सुचत नाही. दुःखानं सुचत नाही, असं तुम्हाला वाटेल. दुःख आहेच. गेल्या आठवड्यात सलीमभाऊंच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोहोचायच्या आत ते गेले, हे अजून खरं वाटत नाही. पण दुसरंही एक सांगते. आत्ता दारातून आत आले, ही गर्दी पाहिली, आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही, की एवढी माणसं! माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला अकरा जण होते. त्यातले तीन वाचनालयाच्या समितीचे.

माणूस गेला, माझा जळफळाट गेला नाही. आज तोच सांगायला उभी आहे.

मी कुंदा. इथल्या एका छोट्या वाचनालयात तीस वर्षं ग्रंथपाल होते. सलीमभाऊ आमचे बाइंडर. फाटकी पुस्तकं सायकलवर न्यायचे, शिवून, नवा पुठ्ठा चढवून आणायचे. एक दिवस म्हणाले, "बाई, लोकं चांगली चांगली पुस्तकं रद्दीत टाकून राह्यले. मले पाहवत नाई. बजारात एक कपाट ठेवतो. ज्याले पाहिजे तो नेईन, ज्याच्यापाशी असन तो ठेवीन."

मी विचारलं, "नोंद कोण ठेवणार?"

"कायची नोंद?"

"निदान कुलूप तरी?"

"कुलूप काऊन लावाचं, बाई? मंग कपाट ठेवून फायदा काय?"

मी हसले. म्हटलं, आठ दिवसांत रिकामं होईल.

रिकामं झालं नाही. भरलं! शिंप्याच्या दुकानाबाहेर ते पहिलं कपाट. मग ऊर्जानगरात, वीज कंपनीच्या बस थांबतात तिथं दुसरं. मग कोरपन्याला पिठाच्या गिरणीत, गोंडपिपरीला चहाच्या टपरीवर. आणि इकडे माझ्या वाचनालयात पंखा फिरायचा, खाली बसलेलं कोणी नसायचं.

मी काय करायची, माहीत आहे? तोंडाला स्कार्फ बांधून त्या कपाटासमोरून जायची. कोण येतं ते पाहायला. एकदा आमच्या जुन्या सभासद, निवृत्त शिक्षिका, तिथं उभ्या दिसल्या. सलीमभाऊंशी बोलताना खळखळून हसत होत्या. पंधरा वर्षं माझ्याकडे येत होत्या त्या. पंधरा वर्षं! माझ्याशी कधी हसल्या नव्हत्या.

मग एक दिवस त्या कपाटात आमच्या वाचनालयाचा शिक्का असलेलं पुस्तक सापडलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! भर बाजारात, पाच-पन्नास लोकांसमोर ते वर धरलं आणि ओरडले, "सलीमभाऊ, चोरीचा माल वाटता का तुम्ही?"

सलीमभाऊंनी पुस्तक हातात घेतलं, शिक्का पाहिला. म्हणाले, "आहे बाई तुमचं. अजून असन तं मी पाहतो."

मे महिना होता. चंद्रपूरचं ऊन तुम्हाला मी काय सांगायचं? त्या उन्हात हा माणूस सायकलनं, एसटीनं सगळ्या कपाटांपाशी गेला. एकेक पुस्तक उघडून शिक्के पाहिले. चौथ्या दिवशी माझ्या टेबलासमोर पोतं ठेवलं. पोतंभर आमचीच पुस्तकं! लोकांनी वर्षानुवर्षं परत न केलेली. जी फाटली होती ती शिवून आणलेली.

"एखांदं सुटलं असन तं सांगा," म्हणाले, आणि पाणी पिऊन गेले.

त्या पुस्तकांसाठी मी किती पोस्टकार्डं पाठवली होती! घरी शिपाई पाठवला होता. एक पुस्तक आलं नव्हतं. आणि त्याच लोकांनी ती गुपचूप सलीमभाऊंच्या कपाटात आणून ठेवली. का? कारण तिथं कोणी विचारत नव्हतं, इतके दिवस कुठं होतं म्हणून. लोक मला भीत होते. कपाटाला भीत नव्हते. हे मला कळलं, आणि कळल्यावर मी आणखीच जळाले.

आता जे सांगते, ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

त्या वर्षीच्या अहवालात मी लिहिलं, 'ग्रंथपालांच्या सततच्या पाठपुराव्यामुळे बरीच पुस्तकं परत मिळाली.' वार्षिक सभेत तो वाचून समितीनं मला शाल-श्रीफळ दिलं. सलीमभाऊ तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी ते वाचलेलं ऐकलं. आणि टाळ्या वाजवल्या.

बाहेर निघताना मी त्यांना गाठलं. "तुम्ही काही बोलला का नाही?"

"काय बोलाचं बाई? पुस्तकं घरी आली ना?"

मला वाटत होतं, यांनी चिडावं. भांडावं. भांडले असते, तर आम्ही दोघं सारखे झालो असतो. पण ते सायकलवर बसले आणि गेले.

त्यानंतर सहा वर्षं ते भेटत राहिले. माफीचा एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

जमीलाभाभी, तुमच्या नवऱ्याला मी चार लोकांत चोर म्हटलं. म्हणून माफी घरी येऊन, कानात सांगून मागणार नाही. चार लोकांतच मागते. पुस्तकं सलीमभाऊंनी परत आणली होती. मी नाही. उद्या समितीकडे जाऊन तो अहवाल दुरुस्त करा असं लेखी देणार आहे.

माझं मन साफ झालं, असं म्हणणार नाही. काल शिंप्याच्या दुकानावरून गेले. लोकांनी सलीमभाऊंसाठी कपाटात पुस्तकं आणून ठेवली होती. मावेनात म्हणून खाली पोत्यावर रचली होती. माझ्या पोटात पुन्हा दुखलं. माझ्यामागं कोण काय ठेवील? असा विचार तुमच्या मनात कधी येतो का? माझ्या येतो.

सलीमभाऊ, तुमच्याइतकं मोठं मला होता आलं नाही. हे बोलायलाही मी तुम्ही जाण्याची वाट पाहिली.

भाऊ-बाईंनो, तीस वर्षं मी लोकांना टेबल आपटून 'शांत बसा' म्हणत आले. आज पहिल्यांदा हात जोडून म्हणते. सलीमभाऊंसाठी दोन मिनिटं शांत उभे राहूया.