मोठ्या ताईंच्या शांततेविषयी दोन शब्द

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे लहान मुलांचे डॉक्टरसाहेब, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या पाळणाघराच्या मोठ्या ताई, उद्यापासून कारभार बघणाऱ्या नव्या ताई, कामावरून धावतपळत आलेले आईबाप आणि पहिल्या रांगेतली बच्चेकंपनी, सगळ्यांना माझा नमस्कार.

सून म्हणाली, भाषण लिहून देते. म्हटलं, बाई, मला कुठे वाचता येतं? मी कागद उलटा धरीन आणि लोक भाषण सोडून तेच बघत बसतील. तेव्हा तोंडी जमेल तसं बोलते.

ताईंचं सर्वांत मोठं काम कोणतं? शांतता. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत बँक आहे. बँकेत तरी एखादा म्हातारा भांडतो. आमची पोरं वाढली ती घर डोक्यावर घेऊन. आम्हाला कुठलं आलंय शास्त्र?

ताईंचं शास्त्र साधं आहे. जे मूल रडत नाही, त्याच्या छातीवर पिवळा बिल्ला. डोळ्यांतून टिपूस आलं, की बिल्ला काढून शेजारच्याला. मग ताई गोड आवाजात विचारतात, "आज रडका कोण?" आणि सगळी पोरं एकदम बोट दाखवतात. पोलिसांना जमत नाही इतक्या झटपट.

माझी नात, आम्ही तिला भिंगरी म्हणतो, ती इथे आली तेव्हा असा भोंगा पसरायची की गल्लीतली कुत्री उठून बसायची. ताईंनी तिला माणसात आणलं. एका संध्याकाळी घरी आली ती मान वाकडी करून. "दुखतंय का गं?" "नाही, आजी." उशीवर डाग दिसला तेव्हा कळलं, कान वाहतोय.

डॉक्टरसाहेब, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही कानात बघितलंत आणि म्हणालात, "अहो, हिनं किंचाळून घर गोळा करायला हवं होतं. ओरडली कशी नाही?" मी म्हटलं, "वळण, साहेब." तुम्ही कान पुसत होतात आणि पोरगी बिल्ला मुठीत घट्ट धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सून ताईंकडे गेली. मागोमाग मी. सून तशी गरीब. घरी मला जेवढं सुनावते त्याच्या निम्मंही तिला बाहेर बोलता येत नाही.

"ताई, दुखलं तर तिनं सांगायला नको का?"

"सांगायला कोण नको म्हणतं? फक्त रडायचं नाही."

"तीन वर्षांची आहे हो ती."

"म्हणूनच तर वळण लागतं. बाकी कुठल्याच पालकांची तक्रार नाही."

"पोरं बोलतच नाहीत, तर पालकांना कळणार कसं?"

यावर ताईंनी आम्हाला पाणी दिलं. उत्तर संपलं की पाणी विचारायचं, ही त्यांची रीत मला फार आवडली.

तुम्ही म्हणाल, मग पोरीला काढून का नाही घेतलंत? सुनेला नोकरी आहे आणि मला गुडघे आहेत. भिंगरीमागे धावायला दुसरे आणावे लागतील.

तर नव्या ताई, मोठ्या ताई तुम्हाला किल्ल्या देतील, खेळणी देतील. बिल्ल्यांचा डबा तेवढा त्यांनाच नेऊ द्या. त्यांना आता दिवसभर घरी बसायचं, म्हणजे घरातलं कुणी ना कुणी रडणारच. नव्या ताई मान हलवताहेत. होकारच असावा, पंखा काही एवढा जोरात नाही.

अजून पुष्कळ बोलायचं होतं. पण मघापासून बघतेय, आमची भिंगरी मांडीवर मांडी आवळून बसली आहे. तोंड लालबुंद झालंय. शेजारी पाळणाघरातल्या बाई बसल्या आहेत, पण ही सांगायची नाही.

तेव्हा आवरतं घेते. म्हातारीला मान दिलात, ऐकून घेतलंत, उपकार झाले. कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाला, आणि या पायऱ्या उतरायला कुणीतरी हात द्या.

भिंगरे, माझ्याकडे बघ. काय हवंय ते सांग. असं नाही, मोठ्यानं. लोक असू देत. अगं, अजून मोठ्यानं.

हां. मागच्यांनाही ऐकू आलं ना? आले गं, आले.