निळी दुधनी

नकाशाचे रंग खुशाल चुकवा, पण आईसमोर चुकवू नका.

गावाकडं, दुधनीत, विहीर आटल्यावर आई आमच्याकडं जुळे सोलापूरला आली. जीव मात्र दुधनीतच. परवा मी ऑफिससाठी जिल्ह्यातल्या विहिरींचा नकाशा काढत होतो. पाणी नेहमीपेक्षा जास्त तिथं निळा, कमी तिथं लाल.

आई मागून म्हणाली, "आपली दुधनी निळी? पाणी आलं व्हय विहिरीला?" आणि पिशवीच भरायला लागली.

मी तपासलं. मधला पांढरा रंग शून्यावर, म्हणजे नेहमीइतक्या पाण्यावर, हवा होता. सॉफ्टवेअरनं तो आकड्यांच्या मधोमध बसवला होता. पाणी सगळीकडंच कमी, दुधनीत बाकीच्यांपेक्षा जरा बरं, म्हणून निळी. पांढरा शून्यावर आणला, तर अख्खा नकाशा लाल.

पिशवी मांडीवर घेऊन आई बघत राहिली.

"हा खरा हापिसात दे," ती म्हणाली. "चुकलेला मला छापून दे की."