तांब्याच्या नळीतलं पाणी

आमच्या कळंबच्या बोअरचं पाणी तपासायला पुण्याची एक पोरगी आलती. म्हणाली, "आबा, पाण्यातला हेलियम वायू मोजला की पाण्याचं वय कळतं. फार जुनं निघालं तर ऊस लावू नका, उपसलं की परत भरत नाही."

तांब्याच्या नळीत पाणी भरून तिनं दोन्ही तोंडं चिमट्यांनी आवळली. "हवा शिरली तर सगळं वाया."

ती जेवायला बसली, तवर आमच्या म्हातारीनं मोटारीच्या नट-बोल्टाच्या पान्यानं चिमटा सोडून पाणी पिलं. म्हणं, तांब्यातलं पाणी गुडघ्याला चांगलं.

"दुसरी नळी घेऊन परत येते, तोवर थांबा," पोरगी म्हणाली. उसाची लागण काय हिच्यासाठी थांबती व्हय? लावला ऊस.

उन्हाळ्यात आली. मोटार चालू केली, तर पायपातनं नुसती हवा.

म्हणलं, "भर बाई नळी."