फाटकाजवळची चौथी पायरी

नात : थांबा आजोबा, तो झाडू आधी बाजूला ठेवा. दोन्ही हात लागणार आहेत.

आजोबा : अगं, शाळा कधीची सुटलीय. माझे दोन वर्ग झाडायचे राहिलेत आणि तू इथे चिखल करून बसलीस.

नात : चिखल नाही, प्रयोग आहे. दोन ट्रे, दोन्हींत आपल्या घंटेच्या झाडाखालचीच माती. दोन्हींच्या एका टोकाखाली वीट, म्हणजे उतारही सारखा. फक्त या एका ट्रेवर पाचोळा पसरलाय.

आजोबा : आणि हे बघून मोठ्या बाई झाड ठेवणार होय? झाडं तपासणारे साहेब परवाच सांगून गेले, मुळं उघडी पडलीत, वाऱ्यात आडवं होईल, खाली पोरं बसतात. संपला विषय. करवतवाले येणार म्हणून मी फांदीवरची शाळेची घंटासुद्धा उतरवून ठेवली.

नात : तुम्ही अर्धंच ऐकलंत. खोड निरोगी आहे, असंही ते म्हणाले. मुळांवरची माती का जाते ते शोधा आणि ते थांबवा, मग झाड राहू शकेल. मोठ्या बाईंनी मला उद्या सकाळपर्यंत वेळ दिलाय.

आजोबा : त्यात शोधायचं काय डोंबल? पोरं नाचतात मुळांवर.

नात : पोरं मागच्या झाडांखालीही नाचतात. तिथली मुळं छान झाकलेली आहेत.

आजोबा : बरं बाई. वकील व्हायचीस तू. काय करू सांग.

नात : ही झारी घ्या. तुम्ही तिकडे ओता, मी इकडे. हळूहळू, पाऊस पडल्यासारखं. खाली बरण्या ठेवल्यात, त्यांत काय येतं ते बघायचं.

आजोबा : तुझ्या बरणीत पाणी येतच नाहीये की.

नात : येईल. मुरतंय आधी.

आजोबा : आलं. बरंच नितळ आहे. आणि माझ्या बरणीत... हा तर दुधाचा चहा झाला.

नात : तीच माती. थेंब उघड्या मातीवर आपटतो, कण सुटतात आणि उतारावरचं पाणी त्यांना घेऊन जातं. यालाच धूप म्हणतात. पाचोळा असला की थेंबाचा मार तो खातो.

आजोबा : मागच्या बाजूला पाचोळा पडून असतो. तिकडे मी फारसा जात नाही.

नात : हं.

आजोबा : आणि या झाडाखाली एक पान सापडायचं नाही. उजाडायच्या आत झाडून घेतो मी.

नात : आजोबा...

आजोबा : बोल की.

नात : मला नाही बोलायचं.

आजोबा : स्वच्छ शाळेचं बक्षीस ऑफिसात लावलंय. कुणामुळे मिळालं, सगळ्या गावाला विचार. आणि उद्या माझीच नात उभी राहून सांगणार, झाडाची माती माझ्या आजोबांनी घालवली.

नात : म्हणून तर आज तुम्हाला एकट्याला दाखवलं. तुम्ही नको म्हणालात तर उद्या हे ट्रे नेणार नाही. मोठ्या बाईंना सांगेन, जमलं नाही.

आजोबा : आणि झाड?

नात : जाईल. मला रडू येईल. पण तुम्हाला कुणी हसलेलं मला मुळीच सहन नाही व्हायचं.

आजोबा : वेडी आहेस. डोळे पूस आधी. मातीचंच ना? बाहेरून एक गाडी मागवू, टाकू मुळांवर, चुटकीसरशी काम.

नात : बाहेर तरी कुठून येणार? दुसऱ्या कुणाच्या तरी झाडाखालूनच ना. माती काय कारखान्यात होते? आपल्या मागचा खडक बघा. दिवसा तापतो, रात्री गार होतो, भेगा पडतात. भेगांत पाणी शिरतं, मुळं शिरतात, त्याचे पापुद्रे सुटतात, मग भुगा होतो. त्यात पानं कुजतात, गांडुळं राबतात. बोटभर थर व्हायला शेकडो वर्षं जातात.

आजोबा : आणि मी रोज सकाळी...

नात : तुम्ही एकटे नाही हो. पाऊसही होता, उतारही होता.

आजोबा : समजूत नको घालूस. मला एक सांग, ही माती वाहून जाते ती जाते कुठे? हवेत तर विरत नाही ना?

नात : नाही. उतार संपला, पाणी मंदावलं की तिथे बसते. आपला उतार फाटकाकडे जातो.

आजोबा : फाटकाकडे. अगं, फाटकाजवळ आधी चार पायऱ्या होत्या. आता तीन आहेत. मी आपला सगळ्यांना सांगतोय, खालची पायरी खचली म्हणून.

नात : खचली नसेल, आजोबा. पुरली गेली असेल!

आजोबा : ऊठ. कुदळ मी घेतो, घमेलं तू घे.

नात : आत्ता? वर्ग झाडायचेत ना?

आजोबा : वर्ग कुठे पळून जात नाहीत. चल.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, झाडाखाली. शाळेच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, येतात.)

मोठ्या बाई : फाटकाजवळ ठेच लागता लागता वाचले. तिथे ही जास्तीची पायरी कुठून आली?

नात : आधीपासूनच होती, बाई. या झाडाच्या मातीखाली होती. ती माती आम्ही परत आणून मुळांवर पसरली. पातळच, मुळांना श्वास घेता यावा म्हणून. खालच्या अंगाला दगडांची ओळ लावलीय. आणि हे दोन ट्रे बघा. पाणी मी ओतू की तुम्ही ओतता?

मोठ्या बाई : आण, मीच ओतते. ...अरेच्चा. फरक दिसतोय खरा. पण ही माती पुन्हा वाहून जाणार नाही कशावरून?

नात : ते आजोबा सांगतील.

मोठ्या बाई : बरं, विचारते त्यांना. तोवर साहेबांना फोन करून करवतवाल्यांना थांबवते. पावसाळा संपला की ते पुन्हा तपासतील. पण मामा, तुमची तब्येत बरी आहे ना? इथे केवढा पाचोळा पडलाय, आणि तुम्ही झाडू न घेता उभे?

आजोबा : असू द्या बाई. पाचोळा कामावर आहे.