झाकणबंद बरणी

दवाखान्यात नंबरची वाट बघणाऱ्या शिंप्याने तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं होतं, पण त्याचे कान शेजारच्या बाकावरच्या दोन जावांकडे होते.

"सुकी अंजिरं तीन पाण्यांनी धुवायची, फडक्यावर पसरायची आणि दोन दिवस पंख्याखाली वाळवायची. ओल राहिली की बुरशी आलीच म्हणून समज."

"वाळत घातली तेव्हा मामंजींनी एक मागितलं होतं, जाऊबाई."

"ओलं कसं देणार? घसा धरला असता."

"मग वाळल्यावर?"

"तोवर बरणीत भरली होती. घडीघडी झाकण उघडलं की दमट हवा शिरते."

"मग उघडायचं तरी कधी?"

"कुणी आलं-गेलं की."

"परवा वन्सं आल्या होत्या."

"त्या घरच्याच."

"आणि गेल्या वर्षीची बरणी?"

"तिला कीड लागली. म्हणून तर यंदा तीन पाणी."

एवढ्यात नर्स म्हाताऱ्याला दंडाला धरून बाहेर घेऊन आली.

"आजोबांना अशक्तपणा आहे. डॉक्टर म्हणाले, रोज दोन सुकी अंजिरं द्या."

म्हातारा थोरल्या सुनेकडे बघू लागला.

"देऊ की," ती पिशवी सावरत उठली. "जाता जाता दुकानातून पावशेर घेऊ. घरची मी नुकतीच धुऊन भरलीत."