फ्रीजरमधल्या अल्बमबाबत

मी, वय चोपन्न वर्षे, धंदा घरगुती शिवणकाम, राहणार बाजारामागच्या गल्लीतील दुमजली घराचा तळमजला, पती मयत, धाकटी मुलगी सासरी, आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि कपाट आहे, मागे स्वयंपाकघर, त्यावर माळा आणि माळ्यावर पाण्याची टाकी. माझे दीर पलीकडच्याच गल्लीत राहतात. मी त्यांना भाऊजी म्हणते, बाकी सगळे घर 'तुफान' म्हणते, कारण पायात चपला घालण्याआधीच ते दाराबाहेर पडलेले असतात. ज्या बाईंवर त्यांनी चोरीची तक्रार दिली आहे त्या पाणी शिरलेली घरे सुकवून पूर्ववत करण्याचे काम करतात. त्यांना मीच बोलावले होते. त्यांनी माझे काहीएक चोरलेले नाही. हे आधी लिहून घ्यावे, म्हणजे पुढचे मला स्वस्थपणे सांगता येईल.

गेल्या महिन्यात मी धाकटीकडे राहायला गेले होते. परत येऊन कुलूप काढले तर उंबऱ्यावरून पाणी माझ्या पायांवर आले. टाकीच्या पाइपचा सांधा सुटला होता आणि किती दिवस सुटला होता ते टाकीलाच माहीत. गिऱ्हाइकांचे कापड, गादी, कपाटाचा खालचा कप्पा, सगळे भिजले होते. भिंतींना माझ्या कमरेपर्यंत ओल चढली होती.

खालच्या कप्प्यात अल्बम होता. त्यात माझ्या थोरल्या मुलीचे फोटो आहेत. थोरली सहाव्या वर्षी तापाने गेली. तेव्हा फोनमध्ये फोटो काढायची सोय नव्हती. तिचे या जगात जेवढे फोटो आहेत तेवढे त्या एका अल्बममध्ये. पाणी लागू नये म्हणून मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर घट्ट गाठ मारली होती. पाणी गाठीतून आत शिरले, पण बाहेर पडायला त्याला वाट मिळाली नाही. मी पिशवी उचलली तेव्हा ती झोपलेल्या मुलासारखी जड लागली.

भाऊजी धावत आले. त्यांनी गादी बाहेर ओढली, टाकीचा नळ बंद केला आणि मी हो-नाही म्हणेपर्यंत माझी इस्त्री तापत ठेवली. "वहिनी, फोटो असा फडक्यात ठेवायचा आणि हलका हात फिरवायचा. दोन मिनिटांत कोरडा!" त्यांनी फिरवला. इस्त्री उचलली तेव्हा सगळा रंग फडक्याला लागला होता आणि खाली पांढरा कागद राहिला होता. त्यांनी ते फडके हातात धरून ठेवले. थोरलीला अंगाखांद्यावर त्यांनीच खेळवले होते, हे नमूद व्हावे. मग म्हणाले, "बरं, बाकीचे उन्हात घालू." मी अल्बम त्यांच्या हातातून काढून घेतला.

त्याच दिवशी त्या बाई आल्या. माझ्या एका गिऱ्हाइकाने त्यांचा पत्ता दिला होता. बाईंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा आहे आणि कामात त्या एकसारख्या शेंगदाणे खातात. त्यांनी भिंतीवर तळहात टेकवला, फरशी ठोकून पाहिली आणि विचारले, "ताई, या घरात असं काय आहे जे बाजारात परत मिळणार नाही?" मी पिशवी पुढे केली.

"वाळवलंत का?"

"नाही."

"झकास. वाळवायचं नाही. ओलंच राहू द्या."

मला वाटले बाईंचे डोके ठिकाणावर नाही. मग त्यांनी समजावले की एकावर एक चिकटलेले फोटो तसेच वाळले तर डिंकाने चिकटवल्यासारखे होतात, ते परत सुटत नाहीत. गोठवले तर आहेत तसे राहतात, कुजत नाहीत. घराचे काम उरकले की थंड पाण्यात सावकाश सोडवता येतील. "सगळे वाचतील असं मी म्हणणार नाही. काही कोरे निघतील. ते ऐकायची तयारी असेल तर द्या." मी दिला. त्यांनी अल्बम बर्फाच्या पेटीत ठेवला आणि म्हणाल्या, "ज्याच्या हातून घेतलं त्याच्याच हातात देणार. दुसऱ्या कुणाला पाठवू नका, मी देत नाही."

पुढे त्यांच्या मशीनी माझ्या घरात रात्रंदिवस घोंघावत होत्या. त्यातले एक मशीन हवेतले पाणी ओढते. खोली दिसायला कोरडी, फरशीवर थेंब नाही, आणि तरी मशीनच्या खालची टाकी भरून वाहायला आली. ते पाणी मी स्वतः मोरीत ओतले. भिंतीवरची ओल रोज थोडी खाली उतरत होती, कमरेवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून घोट्यावर. मी मशीनवर शिवायला बसायचे आणि शिवायचे सोडून भिंतीकडे पाहत राहायचे. इतकी वर्षे त्या घरात राहिले, पण भिंत पाणी पिते आणि परतही देते हे मला ठाऊक नव्हते.

भाऊजींनी अल्बमबद्दल विचारले तेव्हा मी एवढेच म्हणाले, "भाऊजी, त्याचं आता नाव काढू नका." फोटो गेले असे त्यांनी धरले आणि मी त्यांना तसे धरू दिले. खरे सांगितले असते तर ते रोज सकाळी बाईंच्या दारात उभे राहिले असते. त्यानंतर त्यांनी कधी विचारले नाही, पण माझ्या घरी आले की ते इस्त्रीकडे पाठ करून बसायचे. मला दिसत होते. तरी मी गप्प राहिले.

आज सकाळी बाईंच्या मशीनचा एक पाइप माझ्याकडे राहिलेला सापडला. तो पोचवायला मी भाऊजींना पाठवले, ही माझी चूक. बाईंच्या कारखान्यात त्यांना तहान लागली. कुणाला विचारण्याची त्यांची रीत नाही. त्यांनी थंड पाण्यासाठी समोरचा फ्रीजर उघडला. आत पारदर्शक पिशवीत थोरलीचा अल्बम होता, गुलाबी मखमलीचा, ओळखू येणारच. त्यांनी तो मागितला. बाई म्हणाल्या, "वहिनींना पाठवा, त्यांच्या हातात देईन." भाऊजी म्हणाले की मेलेल्या लेकराचे फोटो पळवणारी बाई आपण आयुष्यात पाहिली नाही. त्यांनी पोलिसांना बोलावले. पोलिसांनी अल्बम मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतला आणि मला निरोप पाठवला.

मी ठाण्यात आले तेव्हा पिशवी टेबलावर होती आणि टेबलावरून पाणी खाली ठिबकत होते. साहेब म्हणाले, आधी जबाब, मग मुद्देमालाचे पाहू. बाई म्हणाल्या, "साहेब, ते इथंच सुटायला लागलंय. आता परत गोठवून चालणार नाही. संध्याकाळपर्यंत असंच ठेवलंत तर त्याची वीट होईल." भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "भाऊजी, मीच दिला होता. तुम्हाला सांगितलं नाही." ते बाकावर बसले. साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मुद्देमाल खराब झाला तर उत्तर मला द्यावं लागेल. बाई, काय लागतं ते सांगा."

ठाण्यातल्या कूलरचे गार पाणी एका परातीत घेतले. परात समोरच्या हॉटेलातून आणली. बाईंनी अल्बममधून फोटोंचा चिकटलेला गठ्ठा काढून पाण्यात सोडला, बाह्या वर केल्या आणि हात आत घालून स्वस्थ बसल्या. ओढायचे नाही, पाणीच सोडवते, असे त्या म्हणाल्या. खूप वेळ काही झाले नाही. मग त्यांच्या बोटांमधून एक फोटो आपला आपण सरकून वर आला, आणि त्यात थोरली झबले घालून उभी होती. पहाऱ्यावरचे शिपाई आत आले. कुणीतरी पंखा बंद केला. खिडकीच्या गजांना दोरी बांधली आणि एका हवालदारांनी मागच्या अंगणातले कपड्यांचे चिमटे आणून दिले.

काही फोटो कोरे निघाले. ते बाईंनी बाजूला न टाकता तेही दोरीला लावले. मी हा जबाब देत असताना दोरी भरत आली आहे आणि ठाण्यात कुणी मोठ्याने बोलत नाही. एका फोटोत माझे पती थोरलीला मांडीवर घेऊन बसले आहेत, तिच्याकडे पाहून साहेबांनी टोपी काढून ठेवली. अशी गोष्ट मी उभ्या जन्मात पाहिली नाही. देवळातही मला असे कधी वाटलेले नाही.

आता परातीत फोटोंची एकच जोडी उरली आहे, तोंडाला तोंड लागून चिकटलेली. बाईंचे हात गारठले म्हणून भाऊजींनी आपले हात घातले आहेत. ते अजिबात हलत नाहीत. मी त्यांना इतका वेळ एका जागी बसलेले कधी पाहिलेले नाही. त्यांची तक्रार गैरसमजातून झाली असून माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.

हा जबाब मला वाचून दाखवत असताना भाऊजींनी हाक मारली, म्हणून वाचन मध्येच थांबवले. जोडी सुटली आहे. वरचा फोटो कोरा आहे. खालच्यात थोरली आहे, दोन्ही हातांत मावत नाही एवढे कलिंगड धरून तोंड भरून हसते आहे. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तिचा पुढचा दात पडला होता. मी विसरलोच होतो." मीही विसरले होते. हे शेवटी वाढवून लिहावे अशी मी विनंती केली, त्याप्रमाणे लिहिले आहे. राहिलेला भाग नंतर वाचून घेतला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.